मोहाडीचा फळा

खुशबू,

हे पत्र तुला उशिरा मिळणार आणि तेही छापील, ते आधीच सांगून टाकते. 'बोडी'ला यंदा दहा वर्षं झाली म्हणून मंडळी स्मरणिका काढताहेत. मला विषय दिलाय, 'आपल्या कामाला हातभार लावणाऱ्या कंपन्या आणि त्यांचा गौरव'. म्हणाले, मॅडम, ही कल्पना तुमचीच, तर तुम्हीच लिहा, दोन पानं, फोटोसह. फोटोही त्यांनीच निवडला. शाल, नारळ, ढाल आणि हसणारी दोन माणसं. त्या फोटोत तूही आहेस, माहीत आहे का तुला? उजव्या कडेला, प्रोजेक्टरच्या वायरीशी वाकलेली. चेहरा नाही, नुसती पाठ आलीय.

मी कंपन्यांवर लिहीत नाही. तुझ्यावर लिहिते. पण 'मी' म्हणून लिहायला घेतलं की सबबी सुरू होतात. तीन कागद त्यापायी फाडून झाले. म्हणून सुशीलाबाई नावाच्या बाईला आता परक्या बाईसारखी बाहेर उभी करते आणि तिनं काय केलं ते सांगते. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, एकदा स्वतःचा तपासायला हरकत नाही. कुठे चुकलं तर दुरुस्त करून पाठव. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तर सुशीलाबाई.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, "तलाव किती तिकडे गेले आणि किती इकडे उरले, आहे का कुणाकडे यादी?" कुणाकडेच नव्हती. तो सल त्यांनी रिटायर होईपर्यंत सांभाळला आणि मग दोन जुन्या विद्यार्थ्यांना कामाला लावून एक सॉफ्टवेअर तयार करून घेतलं. आपल्याकडे शेतापुरता लहान तलाव म्हणजे बोडी, म्हणून नावही तेच ठेवलं. गावातल्या माणसानं रोज सकाळी पाण्याची उंची फोनवर टाकायची, आणि 'बोडी' सांगणार की हे पाणी खालच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांना, किती दिवस पुरेल.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. म्हणजे काय, हे सुशीलाबाई प्रत्येक सभेत एकाच पद्धतीनं सांगायच्या. "भाजीची कृती भिंतीवर लिहून ठेवली आहे. कुणीही करा, कुणीही मीठ कमीजास्त करा. फक्त काय बदललंत ते पुन्हा भिंतीवर लिहा, म्हणजे पुढच्याला कळेल."

घेणारे पुष्कळ निघाले, लिहिणारे कमी. पंपाच्या कंपन्यांनी घेतलं, पाइपवाल्यांनी घेतलं, आपापल्या यंत्रात बसवलं, विकलं. भिंतीवर एक ओळ लिहायला कुणी परत आलं नाही. सुशीलाबाई तडकल्या. पण चिडून भागत नाही हे शिक्षकाला कळतं. वर्गातल्या आळशी मुलाला मॉनिटर केलं की तो कधीकधी सुधारतो, त्यातलाच उपाय त्यांनी काढला. मोहाडीच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दरवर्षी जानेवारीत 'बोडी'ची सभा भरायची. तिथे एक मोठा फळा लावायचा, ज्या कंपनीच्या माणसांनी वर्षभरात जास्त दुरुस्त्या पाठवल्या तिचं नाव सगळ्यांत वर, आणि मालकाचा सत्कार. कंपनीकडे देणगी मागायची नाही, तिच्या माणसांचे तास मागायचे.

नियमही त्यांनीच घातला. दुरुस्ती ज्या ईमेलवरून आली, त्या पत्त्यातली कंपनी धरायची. माणसाचं नाव फळ्यावर नको. आधी दोन उत्साही पोरं "माझ्या जास्त, तुझ्या कमी" करत भांडून सोडून गेली होती, म्हणून.

फळा रंगवला मोहाडीच्या बाजारातल्या परसराम पेंटरनं. ब्रश थांबवून त्यानं विचारलं होतं, "मॅडम, कंपनी काय बोटानं टाइप करते का जी? माणसाचं नाव नाही लिवाचं?"

"तू रंगव," सुशीलाबाई म्हणाल्या.

आता खुशबू.

पवनी तालुक्यातल्या आसगावची. वडील आनंदराव यांची दीड एकर धानाची शेती, आई तुळसा स्वतःची लावणी आटोपली की दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला. खुशबू नऊ वर्षांची असल्यापासून आनंदरावांसोबत बोडीवर जायची. आनंदरावांनी पाण्यात बांबू रोवला होता. त्याला बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडलेल्या. बाप खाचा मोजायचा, पोरगी पाटीवर लिहायची. पुढे पवनीला बारावी, भंडाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि तिथून जवळच शहापूरला हायवेवर पंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी. तिचं टेबल पाण्याच्या कूलरला चिकटून होतं. येणाराजाणारा ग्लास तिथेच ठेवायचा.

ती कंपनीही 'बोडी' वापरत होती. खुशबूनं उत्सुकतेनं आसगावचे आकडे टाकून पाहिले. 'बोडी' म्हणाली पाणी सव्वीस दिवस पुरेल. सतराव्या दिवशी चिखल. तिनं कोड उघडला, आणि २०१६च्या जून महिन्यात सुशीलाबाईंना तिची पहिली दुरुस्ती आली. सोबत दोनच ओळी होत्या. "मॅडम, तुमच्या सूत्रात तलावाच्या भिंती डब्यासारख्या उभ्या धरल्या आहेत. बोडी परातीसारखी असते. पाणी खाली गेलं की नुसती उंची नाही, पसाराही कमी होतो."

सूत्र सुशीलाबाईंचं स्वतःचं होतं. पदार्थविज्ञानाच्या बाई, गोल्ड मेडल! त्यांनी तीनदा गणित करून पाहिलं. पोरगी बरोबर होती. त्यांनी दुरुस्ती मंजूर केली, पण आभाराची ओळ लिहिली नाही. कामात होत्या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आठवड्यानं फोन मात्र केला.

"परात तुझीच का?"

"हो मॅडम. चुकली का?"

"चुकली असतीस तर फोन केला असता का? आसगावचे आकडे मात्र वेडेवाकडे येताहेत. काहून?"

खुशबू हसली. 'का'ऐवजी गावाकडचं 'काहून' ऐकून तिचा आवाज सैल झाला. "मॅडम, आमच्याकडे पट्टी नाही. बाबा बांबूवर मोजतेत. बांबू सडला की नवा लावतेत, अन् नव्याच्या खाचा जुन्याशी जुळत नाहीत."

"माझ्याकडे आहे पट्टी. दोन मीटरची, पांढऱ्या इनॅमलची. कॉलेजनं मोडीत काढली तेव्हा मी घरी आणली. पुढच्या रविवारी आसगावला येते घेऊन."

"खरंच मॅडम? बाबाले सांगून ठेवतो."

पुढच्या रविवारी सुशीलाबाईंकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता.

खुशबूच्या दुरुस्त्या येत राहिल्या. बोडीच्या तळाचा गाळ, उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी, दोन बांध्यांच्या मधून झिरपणारं पाणी, एकेक करून तिनं सगळं गणितात आणलं. दीड वर्षात दोनशे चौदा. सगळ्या कंपनीच्या पत्त्यावरून, कारण मालक कुलदीपभाऊंनी तिला बजावलं होतं, "करायचं तर कर, पण कामाच्या वेळेत नाही. अन् जे काही बाहेर जाईल ते कंपनीच्या पत्त्यानंच जाईल. उद्या कुणी म्हणायला नको की आमची माणसं चोरून धंदा करून राहिली." ही अट सुशीलाबाईंना तेव्हा माहीत नव्हती. त्यांनी विचारलीही नव्हती.

२०१८च्या जानेवारीत फळा पहिल्यांदा लागला, तोवरच्या सगळ्या दुरुस्त्या मोजून, आणि त्यावर पहिलं नाव शहापूरच्या कंपनीचं आलं. दुसऱ्या नावापुढे आकडा होता एकोणीस.

हॉल भरला होता. कुलदीपभाऊ पांढऱ्या गाडीतून उतरले. सुशीलाबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ आणि ढाल दिली. मग ते माइकसमोर आले. "आमच्या कंपनीचा संशोधन विभाग रात्रंदिवस झटला, आणि त्यातून बोडीला परातीचं गणित मिळालं. समाजाचं देणं आहे, आम्ही फेडून राहिलो."

टाळ्या पडल्या. सुशीलाबाईंनीही वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता त्यांची नजर उजवीकडे गेली. प्रोजेक्टर बंद पडला होता आणि निळ्या कुर्त्यातली एक मुलगी खाली बसून वायर खालीवर करत होती. तिनं 'परात' शब्दाला मान वर केली, मंचाकडे पाहिलं, आणि पुन्हा वायरीत हात घातला. सुशीलाबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांना कळलं की ही तीच. मग त्यांनी काय केलं? कुलदीपभाऊंकडे वळून विचारलं, "चहा घेणार ना?"

चहा पिताना कुलदीपभाऊ खूश होते. म्हणाले, "मॅडम, आता आमच्याकडून दर शुक्रवारी दोन इंजिनिअर बोडीसाठी. लिहून घ्या." सुशीलाबाईंना वाटलं, जिंकलो. या एका फळ्यानं एवढी मोठी कंपनी हलली.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, खुशबू त्यांच्या घरी आली. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. नेमक्या त्या वेळी सुशीलाबाई कंपनीला आभाराचं पत्र लिहीत बसल्या होत्या.

"मॅडम, थोडं काम होतं."

"बोल. उभी का? बस. पण चटकन, मला पाचला बाहेर जायचंय."

खुशबू खुर्चीच्या कडेवर बसली. "नागपूरला पाण्यावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिथं जागा निघाली. त्यांनी लिहिलंय, ओपन सोर्समध्ये स्वतः केलेलं काम दाखवा. पण बोडीच्या पानावर सगळ्या कामापुढे कंपनीचं नाव येते. तुम्ही एवढं लिहून दिलं की परातीचं गणित मी केलं, तर होऊन जाईल. पंधरा फेब्रुवारी शेवटची तारीख आहे."

"परातीचं गणित कंपनीच्या नावावर आहे. फळ्यावर रंगवून झालंय."

"फळा राहू द्या न मॅडम. फळ्याले मी हात नाही लावत. मले एक कागद पाहिजे फक्त."

"आणि तो कागद उद्या कुलदीपभाऊंपर्यंत गेला तर? ते म्हणतील, शाल आम्हाला आणि काम हिचं? त्यांनी दोन माणसं द्यायचं कबूल केलंय. दर शुक्रवारी. दोन!"

"ते नाही देत, मॅडम."

"तुला काय माहीत?"

"मी तिथंच काम करतो."

सुशीलाबाईंना याचा राग आला. खरं बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा राग त्यांना आयुष्यभर कमी वेळा आला, पण त्या दिवशी आला. कारण पोरगी पुन्हा एकदा त्यांचंच गणित दुरुस्त करत होती. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नावासाठी करतेस का हे काम?"

खुशबूनं फोल्डरचं बटन लावलं. एकदा लागलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग बघू नंतर. एवढी घाई काय असते तुम्हाला?"

ती उठली. दाराशी चप्पल घालताना थांबली. दाराआड इनॅमलची पट्टी उभी होती. "मॅडम, हे तीच का? मी आत्ता घेऊन जाऊ? पवनीच्या गाडीत आडवी ठेवतो. बाबा रोज विचारतेत."

"नको, बसमध्ये वाकेल ती. मी आणते म्हटलं ना!"

पंधरा फेब्रुवारी आली आणि गेली. सुशीलाबाईंच्या कॅलेंडरवर त्या तारखेपुढे डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव आहे.

शुक्रवारचे इंजिनिअर एकदाच आले. त्यांच्यातल्या एकानं लॅपटॉपसमोर बसून फोटो काढून घेतला आणि दुसऱ्यानं तो काढला. नंतर कुणी आलं नाही. त्या जानेवारीनंतर शहापूरहून दुरुस्त्याही बंद झाल्या. सुशीलाबाईंना वाटलं, लोक कामात असतील.

डिसेंबरात पुढच्या फळ्याची मोजणी करायला त्या बसल्या. शहापूरपुढे शून्य. गेल्या साली इतक्या आणि यंदा एकही कशी नाही? म्हणून त्यांनी जुन्या दुरुस्त्यांची यादी उघडली. त्यात प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख असते, वेळ असते. सगळ्यांना दिसते. फक्त बघावी लागते.

पहिली, रविवार. दुसरी, मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिसरी, मंगळवार, एक पंचवीस. चौथी, रविवार. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक खाली उतरत गेल्या. रविवार, जेवणाची सुट्टी, रविवार, सव्वीस जानेवारी, जेवणाची सुट्टी. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तीन. दिवाळीचे चार दिवस कंपनी बंद होती, त्या चार दिवसांत अकरा. दोनशे चौदा पुऱ्या झाल्या. कंपनीच्या वेळेतली एकही नाही. ज्या दिवशी कंपनीच्या फाटकाला कुलूप होतं त्या दिवशीचंही काम कंपनीचं म्हणून सुशीलाबाईंनी मोजलं होतं, आणि त्यावर शाल टाकली होती.

पहिल्या फोननंतरच्या रविवारच्या काही दुरुस्त्यांच्या तारखाही त्यांनी ओळखल्या. त्या रविवारी त्या पट्टी घेऊन आसगावला जाणार होत्या.

त्यांनी खुशबूचा नंबर लावला. बंद होता. कंपनीत फोन केला तर बाई म्हणाली, "त्या तं मार्चातच सोडून गेल्या. त्यांना पॅकिंगकडे टाकलं होतं."

सुशीलाबाईंनी त्याच बैठकीत पत्र लिहिलं. बोडीच्या कागदावर, सही, शिक्का. "परातीचं गणित आणि त्यापुढील दोनशे तेरा दुरुस्त्या कुमारी खुशबू आनंदराव यांनी स्वतःच्या वेळेत, एकटीनं केल्या आहेत." दहा मिनिटं लागली. परसरामला फोन करून नियम बदलल्याचंही सांगितलं. यापुढे माणसाचं नाव आधी, आणि कंपनीनं खरोखर कामाचे तास दिले असतील तरच तिचं नाव खाली. "आता लिवाचं का माणसाचं?" परसराम म्हणाला.

जानेवारीत त्या पवनीच्या पहिल्या गाडीनं निघाल्या आणि तिथून ऑटोनं आसगावला पोचल्या. तुळसा अंगणात लाखोळीची भाजी खुडत होती. परकी बाई पाहून तिनं पदर सावरला आणि खाट ओढली. "बसा न जी. कोनाकडे आल्या?"

"मी भंडाऱ्याची सुशीलाबाई. खुशबू..."

"बोडीवाल्या बाई का? अवो, आयकलं का, बोडीवाल्या बाई आल्या!" तुळसाच्या आवाजात कौतुक होतं. सुशीलाबाईंना ते सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खुशबू हैदराबादला होती. मोबाइलच्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. आनंदरावांनी पत्र हातात घेतलं, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. 'एकटीनं' या शब्दावर बोट थांबलं.

"हे त्या नागपूरच्या कामाचं हाय का जी?"

"हो."

"ते तं झालं न. मागच्या सालीच भरली जागा." त्यांनी कागद घडीवर घडी घालून तुळसाकडे दिला. "मार्कशीटसंग ठेव." मग खाटेकडे, सुशीलाबाईंच्या पर्सकडे, अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. काहीतरी शोधल्यासारखं.

"पट्टी ऑटोतच रायली का जी? आनतो मी. पोरगी म्हने, बाई येतीन तं पट्टी घेऊन येतीन."

सुशीलाबाईंच्या पर्समध्ये पत्र होतं, चष्मा होता, पाण्याची बाटली होती, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पट्टी दाराआड उभी होती. त्या दारातून बाहेर पडताना त्यांनी ती बाजूला सारून कुलूप लावलं होतं.

"विसरले," त्या म्हणाल्या.

"काही हरकत नाही जी," आनंदराव पटकन म्हणाले, जणू विसरण्याची चूक त्यांचीच. "चला, बोडी तं पाहून घ्या."

बोडीवर कोवळं ऊन होतं. बांबू नवा होता, खाचा ताज्या, पांढऱ्या. आनंदराव गुडघाभर पाण्यात गेले, वाकले, आणि खिशातला फोन काढून कानाला लावला. "हां, लिव. तेरा खाचा आन वर दोन बोटं. हां. हां, जेवलो." थोडं थांबून म्हणाले, "आन बाई आल्या हायत इथं. बोलतेस का?"

सुशीलाबाईंनी हात पुढे केला. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं. आनंदरावांनी मान हलवली. "ड्युटीवर जाऊन राहिली म्हनते. गाडी आली तिची."

सकाळचे सव्वाआठ झाले होते. खरंच गाडी आली असेल. सुशीलाबाईंचा हात तसाच पुढे होता, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. या साऱ्या प्रकरणात त्यांना सगळ्यांत जास्त लाज या सुटल्यासारखं वाटण्याची आहे. शालीची त्यानंतर.

"पुढच्या रविवारी आणते पट्टी," त्या आनंदरावांना म्हणाल्या.

"हो जी," आनंदराव म्हणाले.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आसगावचा आकडा अजून रोज सकाळी येतो, हैदराबादहून, खुशबूच्या स्वतःच्या पत्त्यावरून. खाचा आणि बोटं. बांबू बदलला की त्या आठवड्याचे आकडे वेडेवाकडे येतात, आणि खुशबू खाली लिहिते, "नवा बांबू." सुशीलाबाई ते मंजूर करतात. पाहुणे, गुडघा, कोरोना, सगळी कारणं त्यांच्याकडे आहेत. ती त्या फाडलेल्या तीन कागदांवर होती. त्यांच्याकडे झाडू मारायला येणारी शकुनबाई रोज ती पट्टी दाराआडून उचलून बाजूला ठेवते, झाडते, आणि पुन्हा दाराआड उभी करते.